गोमाजीचं भूत

ताडकळसच्या भुजंगाला भूत व्हायची लय हौस. पंचायतीच्या टीव्हीवर त्यानं भुताची एक विनोदी मालिका पाहिली आणि गणपतीत स्वतःची उभी केली. रोज संध्याकाळी मंडपात एक भाग. मेलेला गोमाजी घरी परत येतो, कुणाला दिसत नाही, वरणात मूठभर मीठ टाकतो, सरपंचाची चप्पल पळवतो. लोक हसून बेजार. मग पेटी हळू व्हायची, गोमाजी ओट्यावर बसून विचारायचा, "माझी सय कुणाला येती का हो?" आणि बायका डोळ्याला पदर लावायच्या. कुठं हसवायचं, कुठं रडवायचं, एवढं त्या माणसाला बरोबर कळायचं. बाकी काही कळायचं नाही.

त्याची आई दगडाबाई मागच्या खोलीत पडून असायची. डोळे गेलेले. तिला भाकरी मिळायची ती भुजंगाच्या बायकोमुळं, मनकर्णेमुळं. भुजंग जवळ बसायचा तो म्हातारीचं बोलणं उचलायला. सय येण्याचं ते वाक्यसुद्धा तिचंच. पाथरीला दिलेल्या लेकीसाठी ती तसं विचारायची.

पंच्याऐंशी साली गणपतीतच म्हातारी गेली. दुपारी तिला जाळून आलेला हा संध्याकाळी तोंडाला पीठ फासून हजर. लोकांनी सुतकाचं म्हणून अडवलं तर म्हणतो, "भुताला कसलं आलंय सुतक?" त्या दिवशी तो असा रडला की मंडळानं त्याला हार घातला. यानं तो घालून घेतला.

पुढच्या साली बहीण चतुराबाई वर्षश्राद्धाला पाथरीहून आली. घरात काहीच तयारी नाही.

"सामान आणा म्हणून सांगून थकले, वन्सं," मनकर्णा म्हणाली. "तालीम चालू हाय म्हणले."

चतुराबाई तशीच मंडपात गेली. गोमाजी ओट्यावर बसून सय विचारत होता.

"भुजंगा, आज आईचं वर्षश्राद्ध हाय. तिला घास कुणी टाकला?"

भुजंग लोकांकडं तोंड करून म्हणाला, "मावशे, भूत तर म्या हाय! मलाच कुणी घास टाकंना!"

लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. मंडप हसून लोळला. चतुराबाई घरी परतली. दोघींनी मिळून वरणभात रांधला. सांजेला कावळा कुठला यायचा? पान गाईपुढं ठेवलं. सकाळच्या एस्टीनं ती गेली आणि भावाच्या घरी पुन्हा आली नाही. भुजंगानं त्याच संध्याकाळी तिचं बोलणं बाईचं सोंग करणाऱ्या नागनाथाला पाठ करायला दिलं. तिथंही टाळ्या मिळाल्या.

पुढं घरोघर टीव्ही आले, मंडप ओस पडला. परवा हॉटेलात माझ्यासमोर चहा ढोसत भुजंग म्हणाला, "या गावाला कुणाची याद राहत न्हाई बघा. नमकहराम लोक."

मी उठलो. असल्या माणसाशी बोलून तोंड कोण विटाळणार?