उजव्या कोपराचा इलाज

मी इंजिनिअर रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची हाय अल्टिट्यूड पोस्टिंग उत्तर सिक्कीमची. आमच्या डिटॅचमेंटचं काम एकच होतं. वरच्या दोन पोस्टकडे जाणारा ट्रॅक उघडा ठेवायचा. सकाळी फॉल-इन, रोल कॉल, मग बेलचे घेऊन बाहेर. बेलचा म्हणजे लांब दांड्याचं फावडं. रात्री पडलेला बर्फ बाजूला करायचा. दुसऱ्या दिवशी तेच. लोक विचारतात, बर्फ कसा दिसतो. जड दिसतो.

डिटॅचमेंटमध्ये आमच्या भागातले दोघंच. मी पांढुर्ण्याचा, आणि लान्स नायक गजानन घागरे सौसरजवळचा. आम्ही बोलायला लागलो की सुभेदार साहेब म्हणायचे, "ये दोनों किस बात पे लड रहे हैं?" आम्ही लढत नसायचो. संत्र्याचा मृग बहार धरायचा की आंबिया, यावर बोलत असायचो.

फेब्रुवारी महिना होता. बरेच दिवस बर्फ पडत होता, मग थांबला आणि कडक ऊन पडलं. असं ऊन चांगलं नसतं. गजानन दोघांना घेऊन वरच्या वळणावर गेला. माझी पार्टी खाली होती. आवाज फार मोठा झाला नाही. ट्रकमधून रेती खाली ओतावी, तसा झाला. मी वर पाहिलं तेव्हा वळण दिसत नव्हतं.

मी रेडिओ उचलला. "टायगर फॉर टायगर वन. वरच्या वळणावर स्लाइड. ओव्हर."

"टायगर वन, कितने दबे? ओव्हर."

आम्ही वर पोचलो तोवर दोघं स्वतःच बाहेर आले होते. "दो बाहर. एक अंदर. घागरे. ओव्हर."

"रेस्क्यू पार्टी चल दी. खोदते रहो. आउट."

घसरलेला बर्फ थांबला की सिमेंटसारखा घट्ट होतो. आम्ही लोखंडी सळ्या खुपसून अंदाज घेतला आणि खोदायला लागलो. मी दुसऱ्या कोणाला बेलचा दिला नाही. सुभेदार साहेब आले, म्हणाले, "बदली करो." मी ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. दुपार उतरताना जाकिटाची बाही दिसली. नर्सिंग असिस्टंटनं मानेला हात लावला आणि मागे सरकला. स्ट्रेचरचा पुढचा उजवा दांडा मी धरला आणि आम्ही त्याला खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातातून चहाचा मग पडला. उचलताच आला नाही. एमआय रूममध्ये, म्हणजे आमच्या दवाखान्यात, मलम मिळालं, थोडी विश्रांती मिळाली. गजाननला घरी पोचवायला दुसरे साहेब गेले. मला सुटी मिळाली नाही. ट्रॅक उघडा ठेवायचा होता.

पुढच्या रजेत सौसरला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, शोभा वहिनींनी, चहा दिला. मी तो डाव्या हातानं प्यालो. पाऊस कसा झाला, कापूस कसा आला, एवढं बोलणं झालं. त्या दिवसाबद्दल त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

निवृत्त झालो, पांढुर्ण्याला परतलो, वडिलांचा संत्र्याचा बगीचा पाहायला लागलो. कोपर तसाच होता. झाडांची छाटणी करताना कैची दाबली की बाहेरच्या हाडापासून मनगटापर्यंत कळ जायची. दाराची कडी, दुधाचं गंज म्हणजे पातेलं उचलणं, ओला टॉवेल पिळणं, सगळं डाव्या हातावर आलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, टेनिस एल्बो. मी टेनिसचं मैदान फक्त ऑफिसर मेसमागे पाहिलं होतं, तेही चुना मारायला गेलो तेव्हा. सावरगावच्या एका माणसाकडून मालिश करून घेतली. पट्टा बांधला. कोपरात इंजेक्शन घेतलं. काही आठवडे बरं वाटलं, मग पहिल्यापेक्षा जास्त दुखलं. पुन्हा घेतलं. पुन्हा तसंच. पांढुर्णा जिल्हा झाला, पण हाताचा डॉक्टर काही आला नाही. मग मी इलाज सोडून दिला. दुखायचं तर दुखो. त्याचं वाईटही वाटत नव्हतं. कशाचंच फारसं वाटत नव्हतं.

दरवर्षी तोड झाली की वहिनींकडे संत्र्याची पिशवी पोचवतो. मागच्या वर्षी उंबऱ्यात पिशवी हातातून सुटली. संत्री अंगणभर झाली.

वहिनींनी संत्री वेचता वेचता विचारलं, "हाताले काय झालं, भाऊजी?"

"काही नाही. जुनं दुखणं आहे."

"कोपर का? मलेबी होतं." वहिनी शाळांचे गणवेश शिवतात. कैची चालवून त्यांचा कोपर गेला होता. नागपूरच्या हाताच्या डॉक्टरणीनं बरा केला. "उद्या फोन करतो मी तिले. तुमी चाला."

"पत्ता द्या. मी जाऊन येतो."

"एकले गेले तं दारातूनच वापस येसान. मी येतो संग."

ठरलेल्या दिवशी मी पांढुर्ण्याहून सौसरला गेलो. तिथून आम्ही दोघं नागपूरच्या बसमध्ये बसलो. डॉक्टरीण तरुण होती. तळहात खाली ठेवून खुर्ची उचला म्हणाली. उचलली गेली नाही. मधलं बोट वर करा म्हणाली आणि वरून दाबलं. मी दात आवळले.

"केव्हापासून आहे?"

"बरीच वर्षं झाली."

"सुरुवात कशानं झाली?"

"खोदकामानं."

"शेतातल्या?"

"नाही. बर्फात. माणूस दबला होता."

"किती वेळ खोदत होता?"

"तो सापडेपर्यंत."

तिनं लिहिणं थांबवलं. "वाचला?"

"नाही."

वहिनी दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. पर्स मांडीवर होती. मी तिकडे पाहिलं नाही. भिंतीवर हाताच्या हाडांचं चित्र होतं, ते पाहत राहिलो.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीण म्हणाली, मनगट उचलणारे स्नायू ज्या दोरीनं कोपराच्या हाडाला बांधलेले असतात ती दोरी झिजली आहे, थोडी फाटली आहे. आता ती इंजेक्शनं बंद. छाटणी काही महिने दुसऱ्यानं करायची. वजन घेऊन मनगटाचा व्यायाम रोज, हळूहळू वाढवत. त्यानं नाहीच झालं तर ऑपरेशनचा विचार. "दुखेल," ती म्हणाली, "पण सोडू नका. तुमच्या लोकांना रोज तेच तेच करायची सवय असते ना?"

मी म्हणालो, "येस मॅडम."

परतीच्या बसमध्ये वहिनी खिडकीशी बसल्या. सावनेर मागे पडलं. मग खिडकीबाहेर पाहतच म्हणाल्या, "तुमी काढलं त्याइले?"

"हो. माझ्यासोबत आणखी पोरं होती."

"मले कोणं सांगतलंच नाई. मले वाटे, अनोळखी माणसायनं काढलं असन."

"नाही वहिनी. मी होतो. खालपर्यंत होतो."

त्यांनी पदर तोंडाला लावला. रडल्या नाहीत. मग विचारलं, "जेवले होते का त्या दिवशी?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत वेळ विचारली, हवामान विचारलं, दोर होता का विचारलं.

"हो," मी म्हणालो. "पुरी-भाजी होती. लंगरच्या दाराशी उभ्यानंच खाल्ली. माझ्या ताटातल्याही उचलल्या."

"पोटभर?"

"पोटभर."

"मंग ठीक," वहिनी म्हणाल्या.

व्यायाम सुरू केला. पहिले दोन महिने काही फरक पडला नाही. मग एक दिवस दुधाचं गंज उजव्या हातानं उचललं, आणि ठेवल्यावर लक्षात आलं. बायकोनं पाहिलं होतं. कोपर अजून पूर्ण बरा नाही. थंडीत ठणकतो. पण यंदा अर्धी छाटणी मीच केली. डॉक्टरीण म्हणते, ऑपरेशन नको.

तपासणीला जातो तेव्हा वहिनी दर वेळी सोबत येतात. जाताना शाळा, शिवण, पाऊस. येताना एक प्रश्न. मी जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो. लान्स नायक गजानन घागरे. उंची कमी, पण चढावर सगळ्यांच्या पुढे. मोजे कधी वेळेवर धुतले नाहीत. पत्त्यांत हरला की पत्ते लपवायचा. नवीन पोरांना पहिल्या रात्री स्वतःची जास्तीची रजई द्यायचा आणि सकाळी मागून घ्यायचा.

मागच्या वेळी त्यांनी विचारलं, "झोपेत बोलत का तिथंबी?"

"बोलायचा. एकच वाक्य. पाण्याची मोटर बंद केली का? रोज तेच. आम्ही हसायचो."

सौसरचा स्टँड आला. वहिनी उठल्या, दांडी धरून उभ्या राहिल्या.

"मलेच विचारत असतीन," त्या म्हणाल्या. "मी नेहमी विसरो."