अकराव्या भागातली ताई

शर्टवाल्या काकू चाळीस वर्षं शर्टच शिवत आल्या. कुणी ब्लाउज घेऊन आलं की त्या चष्म्याच्या वरून बघत आणि म्हणत, "पुढच्या गल्लीत जा बाई. माझा हात शर्टावर बसलाय, तो आता उठायचा नाही." घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. रस्त्याकडच्या खिडकीला लागून पायाचं मशीन, मधोमध कापायचं टेबल आणि भिंतीवर खिळ्यांची रांग. प्रत्येक खिळ्याला एकेका गिऱ्हाइकाच्या मापाचे कागदी साचे लटकत असत. एक खिळा, एक माणूस, असा त्यांचा नेम होता.

त्याला अपवाद एकच. खिडकीजवळच्या खिळ्यावर दोघांचे साचे होते. एक काकूंच्या धाकट्या भावाचे, दुसरे त्याच्याबरोबर राहणाऱ्या पेंटरचे. भाऊ पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून, पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवणारा. तीस वर्षं दोघे एका इमारतीच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. कापड घ्यायला एकदम येत, माप द्यायला एकदम येत, म्हणून सोयीसाठी एकच खिळा. काकूंना त्यात वेगळं काही वाटलं नव्हतं.

आता मालिकांबद्दल. काकूंची सून दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सकाळच्या पाळीला जाई. दुपारी घरी आली की दुकानातल्या बाकावर आडवी होई आणि दोऱ्यांच्या डब्याला मोबाईल टेकवून परदेशी मालिका लावी. काकूंची नजर टाक्यावर, त्यामुळे पडद्याच्या खाली येणारी इंग्रजी अक्षरं सून मोठ्याने मराठी करून वाचायची. पहिली मालिका लागली तेव्हा काकूंनी विचारलं, "कुठली गं ही पोरं?"

"थायलंडची. कॉलेजातली आहेत."

"आणि नायिका कुठाय?"

"येईल की."

तीन भाग झाले तरी नायिका काही आली नाही. चौथ्या भागात एका मुलाने दुसऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि काकूंचं मशीन थांबलं. काकूंचं मशीन भर दुपारी थांबणं ही घरात मोठी गोष्ट होती.

"हे दोघे एकमेकांचे कोण?"

"मित्र आहेत, आई. जिवलग."

"मला शिकवतेस? चाळीस वर्षं पुरुषांच्या छातीवर बटणं लावतेय मी. मित्र मित्राचं बटण लावताना असा श्वास रोखून धरत नाही."

सून उठून बसली.  ती हळूच म्हणाली, "बंद करू का?"

"बंद कशाला? जरा मागे घे. ते बटण मला नीट बघू दे."

तिथून जे सुरू झालं ते दहा महिने चाललं. थाई झाल्या, कोरियन झाल्या, तैवानच्या झाल्या, जपानी झाल्या. दोन पुरुषांच्या प्रेमाच्या सव्वीस मालिका त्या मशीनच्या खडखडाटात पार पडल्या, आणि काकूंची प्रत्येकीबद्दल मतं होती. थाई पोरं गोड, पण त्यांच्या कॉलेजात वर्ग भरलेला काही दिसत नाही. "परीक्षा कधी देतात गं हे? नुसते जिन्यांवर भेटतात." कोरियन मालिका चिटुकल्या, "दोरा ओवेपर्यंत संपते." जपानी लोक त्यांना फार आवडत. ते प्रेमात पडले की गप्प बसतात आणि एकमेकांच्या वाटीत वाढतात. पावसात छत्री नेहमी एकच का असते, यावर त्यांचं म्हणणं होतं की दुसरी छत्री लेखकाने लपवलेली असते. ज्या तिसऱ्या मुलाचं प्रेम वाया जातं त्याच्यासाठी त्या दर मालिकेत हळहळत. "इतका गुणी मुलगा. त्याला कुणीतरी चांगलं स्थळ बघा रे!" आणि मापाचं तर विचारूच नका. "ह्याने अंगात घातलाय तो त्याचा शर्ट आहे. खांद्याची शिवण बघ, दोन बोटं खाली उतरलीय. काल हा कुठे राहिला ते आता सांगायला नको." सून हसून हसून बाकावरून खाली यायची बाकी राहायची.

सगळ्यांत पक्कं मत अकराव्या भागाबद्दल होतं. बहुतेक मालिका बारा भागांच्या. दहा भाग सगळं सुरळीत चालतं आणि अकराव्यात घोडं पेंड खातं. कुणाची तरी बदली होते, कुणाचे वडील दारात उभे राहतात, कुणी मनात नसताना विमानात बसतं. अकरावा भाग आला की काकू काजं करायला घेत. काजाच्या कामात मान वर करता येत नाही.

पण ही झाली चेष्टामस्करी. आत काहीतरी निराळंच चाललं होतं. एकदा एका मुलाने रस्त्यात गुडघे टेकून दुसऱ्याच्या बुटाची नाडी बांधली आणि वर बघून "घट्ट नाही ना झाली?" असं विचारलं. काकूंनी हातातली सुई बाजूला ठेवली. त्यांचे यजमान भले गृहस्थ होते, उभ्या जन्मात कधी उंच आवाजात बोलले नाहीत, पण 'घट्ट नाही ना झाली' असं कुणी कुणाला विचारतं, हे काकूंनी पाहिलं नव्हतं. पुरुषाच्या हातात इतकी माया असते! त्या रात्री अंथरुणावर पडल्यावरही त्यांना त्याचं नवल वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी त्या सुनेला एवढंच म्हणाल्या, "देव जाणे ही माया कुठे ठेवतात एरवी."

याच सुमाराला भाऊ निवृत्त झाला, आणि ते राहत होते ती इमारत पाडायची असल्याची नोटीस आली. महिनाअखेर खोल्या सोडायच्या होत्या. काकूंनी अर्ध्या दिवसात सगळं ठरवून टाकलं. भावाने त्यांच्या घरी माडीवरच्या खोलीत यायचं. पेंटरने लांबच्या शहरातल्या पुतण्याकडे जायचं. पुतण्याला फोनही काकूंनीच केला. आई गेली तेव्हा भाऊ नऊ वर्षांचा होता, काकू अठराच्या. तेव्हापासून घरात त्यांचा शब्द शेवटचा. भाऊ नेहमीसारखा म्हणाला, "ताई म्हणेल तसं."  पेंटर टेबलावरच्या खडूने कापडाच्या कडेला रेघा काढत बसला होता.

पेंटर रविवारी निघणार होता. आदल्या मंगळवारी भाऊ सहा शर्ट घेऊन आला. कॉलरी विरल्या होत्या. अशी कॉलर उसवायची, उलटी करायची आणि पुन्हा शिवायची, की शर्टाला आणखी दोन वर्षं मिळतात. भाऊ म्हणाला, "ह्यातले दोन पेंटरचे. ते आधी कर. तिकडे त्याला कोण करून देणार?" तो गेल्यावर काकूंनी पेंटरचे साचे खिळ्यावरून काढले, गुंडाळले आणि दोऱ्याने बांधले. नव्या गावातल्या शिंप्याला उपयोगी पडतील.

बुधवारी पेंटरचे दोन्ही झाले. गुरुवारी दुपारी त्यांनी भावाचा पांढरा शर्ट मशीनवर घेतला. सुनेने मालिका लावली. जपानी होती. एक पाव भाजणारा आणि एक शाळेची बस चालवणारा, दोघेही चाळिशीचे. भाग अकरावा.

त्यात बसवाल्याची मोठी बहीण आली. दुष्ट नव्हती ती. येताना दोघांसाठी भेटवस्तू घेऊन आली, आल्या आल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, आणि हसत हसत भावाची बॅग भरली. सुनेने वाचलं, "'माझ्याकडे तुझी खोली तयार आहे. तुझ्या मित्राचीही मी सोय लावली आहे.'"

"कोण ही अवदसा!" काकू कडाडल्या. "सोय लावलीय म्हणे! त्या दोघांना कुणी विचारलं का? आणि तो बघ, मूग गिळून उभा. अरे, बोल की बहिणीला!"

 सून वाचायची थांबली होती. काकूंनी वर बघितलं तर ती मोबाईलकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती.

पडद्यावर सकाळ झाली होती. बसवाला बॅग उचलून दाराशी आला. पाववाला त्याच्या मागे गेला आणि रोजच्या सवयीने त्याने दोन्ही हातांनी त्याची कॉलर मागून सरळ केली. अंगठे खाली, बोटं वर. एवढंच. संगीतही नव्हतं.

मशीन थांबलं.

काकूंनी मशीनवरच्या शर्टाची कॉलर खिडकीच्या उजेडात धरली. मागच्या बाजूला, मधोमध, अंगठ्याएवढे दोन निळे डाग होते. धुऊन फिक्के झालेले. त्यांनी दुसरा शर्ट घेतला. हिरवे. तिसऱ्यावर तांबडे. हे डाग काकूंच्या रोजच्या ओळखीचे होते. तीस वर्षं त्या भावाच्या कॉलरीवर ते बघत होत्या, टर्पेंटाइनने घासत होत्या, आणि पेंटरला दटावत होत्या, "हात पुसून कपाटाला हात लावत जा रे! ह्याचे शर्ट का खराब करतोस?" पेंटर हसून म्हणे, "चुकलं, ताई." कपाटातून शर्ट काढताना डाग पडतात, हे काकूंनी कधीच ठरवून टाकलं होतं. पण कपाटातून काढताना शर्टाला खांद्याशी धरतात. कॉलरीच्या मागे, नेमके मधोमध, दोन अंगठे कोण कशाला टेकवेल?

रोज सकाळी. कचेरीत जायच्या आधी. तीस वर्षं.

काकूंना एकदम मोठ्या देवळात शिरल्यासारखं वाटलं. आत गेल्यावर माणूस आपोआप हळू बोलतो, तसं. सव्वीस मालिका बघितल्या, पण त्या मालिका बारा भागांत आटपणाऱ्या. ही इथे, त्यांच्याच कापायच्या टेबलाशी, छत्रीशिवाय आणि संगीताशिवाय चालू होती, आणि तिचे डाग त्या स्वतःच्या हातांनी पुसत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"मला वाटत होतं," सून म्हणाली. "पण आई, तुम्हाला कोण सांगणार?"

"आणि अकराव्या भागातली ती ताई..." काकूंनी दोऱ्याने बांधलेल्या पेंटरच्या साच्यांकडे बघितलं.

शनिवारी सकाळी त्या सहा शर्ट कागदात बांधून भावाच्या इमारतीचा जिना चढल्या. दार उघडंच होतं. आत दोन ट्रंका, खिडकीत उंचीप्रमाणे उभे केलेले ब्रश, आणि गजराच्या घड्याळावरून वाद.

"तू ने," भाऊ म्हणत होता. "तुला सकाळी जाग येत नाही."

"मला कुठे जायचंय सकाळी? तुझ्याकडे राहू दे."

"निवृत्त मी झालोय की तू?"

"तुला त्याची टिकटिक लागते झोपताना. मला ठाऊक नाही का?"

काकूंना बघून भावाने घड्याळ खाली ठेवलं. पेंटरने खुर्ची पुढे केली. काकू बसल्या, धाप ओसरू दिली. बोलायचं म्हणून काय काय जुळवून आणलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. शेवटी त्यांनी पांढरा शर्ट उलगडून भावाच्या हातात दिला.

"घालून बघ."

त्याने घातला. कॉलर मागे एका बाजूला उभी राहिली, नव्या शिवणीची राहते तशी. पेंटरचा हात निम्म्यापर्यंत उचलला गेला आणि काकूंकडे बघून खाली आला.

"कर की सरळ," काकू म्हणाल्या.

"ताई..."

"अरे, कर सरळ. उद्यापासून ह्याची कॉलर मागून कोण बघणार? मी? रोज सकाळी माडी चढून? गुडघे बघितलेस का माझे? मला जमायचं नाही बाबा. तूही माडीवरच राहा. पुतण्याला मी फोन करते, तिकीट रद्द करायला सांगते. खोली दोघांना पुरेल. पलंग तेवढा लहान आहे, तो बदलू."

 मग पेंटरने हात पुसले, विजारीला, दोन्ही बाजूंनी, नीट, आणि भावाच्या मागे जाऊन कॉलर सरळ केली. अंगठे खाली, बोटं वर.  काकूंनी डोळे मिटून घेतले नाहीत. त्यांना ते बघायचं होतं.

"तुला कधी कळलं, ताई?" भावाने विचारलं.

"परवा दुपारी. अकराव्या भागात."

"काय?"

"सुनेला विचार. मला उशीर झाला, एवढं खरं." मग त्या भावाकडे न बघता म्हणाल्या, "ठरवायच्या आधी तुम्हाला विचारायला हवं होतं मी. चुकलं."

ताईच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द भावाने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तो ट्रंकेवर बसला. पेंटर म्हणाला, "पण तुमच्या गल्लीत लोक बोलतील, ताई. तुमचं दुकान आहे."

"बोलू देत! गल्लीतल्या यच्चयावत पुरुषांची मापं माझ्या खिळ्यांवर आहेत. माप देताना कोण पोट किती आत ओढतो, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. कोण तोंड उघडतो ते बघू."

पेंटर आधी हसला, मग त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि उगीचच ब्रश पुन्हा उंचीप्रमाणे लावत बसला. ते आधीच उंचीप्रमाणे होते.

घरी आल्यावर काकूंनी दोऱ्याची गाठ सोडली आणि पेंटरचे साचे पुन्हा खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवले. चार दिवस गुंडाळलेला कागद वळला होता, सरळ राहीना. काकूंनी भावाचे साचे काढून त्याच्यावर लावले. वजनाने होईल सरळ.

सून बाकावर मोबाईल मांडून वाट बघत होती. "बारावा भाग लावू?"

"लाव," काकू म्हणाल्या. त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली, मशीनचा पट्टा उतरवला आणि खुर्ची मोबाईलसमोर ओढली. "आणि आज वाचून दाखवू नकोस. आज मी नुसती बघते."