पदर झटकण्याचा शॉट

लाँग शॉटमध्ये माणूस कुठे आहे ते दिसतं, मिड शॉटमध्ये तो काय करतोय ते, आणि क्लोजअपमध्ये त्याच्या मनात काय चाललंय ते, असं सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. यातलं तिसरं साफ खोटं आहे. माझ्या आईचा क्लोजअप गावभर फिरला आणि तिच्या मनातलं एकालाही दिसलं नाही.

फिल्मच्या कोर्सला मी रोज हुपरीहून एसटीनं कोल्हापूरला जायचे. पाच मिनिटांची एक फिल्म करायची होती. आमच्या गटात शहरातल्या राजारामपुरीचा एक मुलगा होता, त्याला ‘रिअल लोकेशन’ पाहिजे होतं, म्हणून सगळे आमच्या माडीवर आले. आई तिथं बसून पैंजणांवर कानस मारते. चांदी शेठजींची, हात आईचे. काम संपलं की ती कमरेला खोचलेला पदर सोडते, कागदावर झटकते, पडलेला चांदीचा कीस पुडीत बांधते आणि ती पुडी शेठजींच्या डब्यात टाकते. ज्याचं त्याला परत. याच गोष्टीवर तिला इतकी वर्षं काम मिळत होतं आणि याचा तिला भारी ताठा होता.

कॅमेरा माझ्याकडे होता. पदर सोडण्यापासून पुडी डब्यात पडेपर्यंतचा शॉट मी मध्ये न तोडता घेतला. काय सुंदर आला होता!

एडिटिंग त्या मुलाकडे. चांगला कॉम्प्युटर त्याच्या घरी होता, म्हणजे अक्कलही तिथंच असणार असं आम्ही धरून चाललो.

पूर्ण फिल्म मी पाहिली ती थेट कॉलेजच्या हॉलमध्ये. शेजारी आई, ठेवणीतली साडी नेसून. पडद्यावर आईनं शेठजींच्या डब्यातून पुडी काढली. उघडली. कागदावरचा कीस पदरात घेतला आणि पदर हळूच कमरेला खोचला. मग तिचे डोळे, दाराकडे वळलेले. ‘पोरांना चहा ठेवू काय’ म्हणून दारातल्या पोरांकडे बघत तिनं मला विचारलं होतं, तेव्हाचे. त्या नालायकानं माझा शॉट उलटा चालवला होता.

टाळ्या पडल्या. सर म्हणाले, “बघा, याला म्हणतात एडिटिंग!”

“पिक्चर लई थंड हुतं गं,” बाहेर आल्यावर तो मला म्हणाला. “कायतरी घडाय पायजे की. आणि तुझी आई काय ॲक्टिंग करत्या!”

मी त्याच्या कानाखाली जाळ काढला. एकच वाजवली, याचं अजून वाईट वाटतं. तोवर त्यानं नेमका तेवढा तुकडा मोबाईलवर टाकलाही होता. आम्ही एसटीतून उतरायच्या आत तो तुकडा हुपरीत पोचला होता.

दुसऱ्या दिवशी शेठजींचा माणूस डबा न्यायला आला. आईनं त्याच्यासमोर पदर झटकला, पुडी बांधली, डब्यात टाकली. तो तिच्या हातांकडे टक लावून बघत होता.

तो गेल्यावर आई म्हणाली, “उलटं केलंय ते सुलटं व्हतंय न्हवं? मग कर की.”

मूळ शॉट माझ्याकडे होताच. आम्ही तो घेऊन शेठजींकडे गेलो. त्यांनी शांतपणे बघितला, परत एकदा बघितला आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

“वैनी, पयला कॉलेजनं दावला. ह्यो तुमच्या लेकीनं आणलाय. आमी खरा कुठला मानायचा?” मग माझ्याकडे बघून हसले. “चांगलं शिकलीस की पोरी.”

आता आई दुसऱ्या एकाचं काम करते. कीस अजून परत देते. पण पदर सोडण्याआधी मान वळवते आणि कुणी बघत नाही ना, म्हणून दाराकडे बघते. फिल्ममध्ये बघते, अगदी तशी.