तोंडी मापावर कात्री नाही

आमचे हे पडदे शिवतात. एकोणचाळीस वर्षं झाली, तेच दुकान आणि तीच मशीन. गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणतात. घर सोडून एक रात्र बाहेर काढायची म्हटलं की यांच्या जिवावर येतं. माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात मला मांडवात ठेवून हे संध्याकाळच्या गाडीनं परत आले होते, का तर कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीचे पडदे टांगायचे राहिले होते. बहीण अजून टोमणे मारते. तर या माणसानं एका दुपारी जेवता जेवता भाजी वाढून घेतली आणि म्हणाले, "या उन्हाळ्यात चिमीकडे जाऊन येऊ."

पुन्हा सांगा म्हटलं, तर पुन्हा तेच सांगितलं, शिवाय मीठ मागितलं.

चिमी आमची एकुलती एक लेक. सात वर्षं झाली, ती आणि जावई तिकडे पार उत्तरेला, स्कँडिनेव्हियात, पाण्याकाठच्या एका शहरात राहतात. चौथा मजला, बैठकीच्या खोलीला भिंतभर खिडकी, खिडकीत उभं राहिलं की बंदर दिसतं. हे सगळं तिनं सांगितलेलं. मी बघितलेलं काहीच नाही, कारण आम्ही यायचं म्हटलं की तिचं काहीतरी निघायचंच. एका उन्हाळ्यात इमारतीचं काम निघालं, दुसऱ्या उन्हाळ्यात जावयांना ऑफिसनं कुठंतरी पाठवलं, तिसऱ्या उन्हाळ्यात नुसतंच "बघू गं आई". पोरीला आमची लाज वाटायला लागली असं माझ्या मनानं घेतलं होतं. पाहुण्यांसमोर मी लेकीचं कौतुक सांगायचे आणि स्वयंपाकघरात येऊन रडायचे. हे मात्र मशीन चालवत राहायचे.

आता ह्यांनीच काढलं म्हटल्यावर मी कंबर कसली. पण सरळपणे जायची तयारी करतील ते आमचे मास्तर कसले. यांचा धंद्यातला एक नियम आहे, तोंडी मापावर कात्री चालवायची नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, सांगू दे त्याला की खिडकी पाच फूट आहे. हे स्वतः जाणार, स्टुलावर चढणार, वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी टेप लावणार. सरळ खिडकी या जगात अजून कुणी बसवलेली नाही म्हणतात. तोच हिशेब प्रवासाला. विमानातली खुर्ची किती रुंद असते ते विचारून आले आणि दुकानातल्या बाकावर खडूनं तेवढ्या रुंदीच्या दोन रेघा मारल्या. मधे दोन तास बसून राहिले, सवय व्हावी म्हणून. समोरचा इस्त्रीवाला कोळशाचं भांडं तसंच टाकून बघायला आला.

तिकडची एकेक गोष्ट कानावर यायला लागली आणि माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. उन्हाळ्यात म्हणे रात्री दहाला ऊन असतं. पहाटे तीन-साडेतीनला पुन्हा उजाडतं. आपण बस पकडतो तसे तिकडचे लोक होडी पकडून कामाला जातात. ऑफिस सुटलं की चांगले मोठे साहेब लोक काठावर कपडे काढून ठेवतात आणि धाडकन बंदराच्या पाण्यात उडी मारतात, बायकासुद्धा. मी ह्यांना बजावलं, तुम्ही काठावर जायचं नाही. इस्त्रीवाल्यानं विचारलं, "मास्तर, ऊन उतरतच नाही तर तिथले लोक दुकान कधी बंद करतात हो?" हे दोन दिवस त्याचा विचार करत होते.

आणि मग म्हणाले, "चिमीला झोप कशी लागत असेल? अस्तर लावून जाड पडदे न्यायला हवेत."

झालं. आता पडदे न्यायचे, म्हणजे माप हवं. लग्नात दिलेले शेवाळी रंगाचे पडदे तिकडे होतेच, पण ते पातळ, शिवाय लग्नाच्या घाईत नियम मोडून तिनं सांगितलेल्या मापावर शिवलेले. आम्ही फोनवर बोलायचो तेव्हा चिमीच्या पाठीमागे तोच पडदा असायचा, बघून मला बरं वाटायचं. ह्यांनी तिला सांगितलं, खिडकीला टेप लाव, तीन ठिकाणी लाव, आणि टेप लावलेलाच फोटो पाठव. ती टाळायला लागली. "बाबा, इथं तयार मिळतात." हे म्हणाले, "तयार मिळतात, मापाचे मिळत नाहीत." शेवटी तीन आठवड्यांनी तिनं फोटो पाठवला. मी विचारलं, काय गं माप आलं, तर हे म्हणाले "आलं", आणि दुकानात निघून गेले. थंडीचे दिवस होते तेव्हा.

त्यानंतर सगळ्या गोष्टी झाल्या, एक सोडून. व्हिसासाठी मुलीचं पत्र लागतं. आईवडील माझ्याकडे राहायला येताहेत, माझा पत्ता हा, असं तिनं लिहून द्यायचं. ते पत्र काही येईना. ह्यांनी फॉर्म सुवाच्य अक्षरात भरला होता, फक्त तिकडच्या पत्त्याचा रकाना कोरा. सात वर्षं तोच पत्ता आहे, मला तोंडपाठ आहे, भरून टाका की, म्हटलं. "पत्र आलं की भरू," म्हणाले. कचेरीतली तारीख दोन आठवड्यांवर आली. पत्र नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर हाही उन्हाळा गेला.

अशात एका दुपारी मी दुकानात गेले. हे कुणाकडे तरी माप घ्यायला गेले होते. म्हटलं, चिमीचे पडदे बघून ठेवावेत. भिंतभर खिडकी, शिवाय निजायच्या खोलीच्या दोन, म्हणजे निदान आठ पडदे, अस्तरासकट. एक बॅग त्यातच भरायची. फळीवर बघितलं, कपाटात बघितलं. मशीनखालच्या खणात कागदात गुंडाळलेलं एक पुडकं सापडलं, वर पेन्सिलीनं "चिमी". उचललं तर एका हातात आलं.

उघडलं. आत दोनच पडदे, आणि ते एवढे एवढे. अंगाला लावले तर माझ्या गुडघ्यापाशी संपत होते. मला वाटलं म्हाताऱ्यानं माप चुकवलं. एकोणचाळीस वर्षांत कधी चुकला नाही आणि आता पोटच्या पोरीचंच चुकवलं. घाईघाईनं मापवही काढली.

पानावर चिमीचा फोटो चिकटवलेला होता. खाली ह्यांचं अक्षर: रुंदी वर बत्तीस इंच, मध्ये पावणेबत्तीस, खाली बत्तीस. उंची चव्वेचाळीस. खिडक्या, एक.

फोटोत एक लहानशी खिडकी, बाहेर विटांची भिंत. खिडकीला टेकून एकच पलंग, एका माणसाचा. आणि बाजूला तो आमचा शेवाळी पडदा, जोडीतला एकच. खालून चांगला हात-दीड हात आत दुमडून घातलेला. टाके मशीनचे नव्हते, हातानं घातलेले होते, लांब लांब. चिमीला मशीनवर कधी बसवलं नाही मी, तिचे टाके लहानपणापासून तसेच. मी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. मी कापडाच्या ताग्यांवर बसून राहिले.

चौथा मजला नाही. भिंतभर खिडकी नाही. जावई नाही. फोनवर दर रविवारी, आज आम्ही दोघं होडीतून फिरायला गेलो होतो, हे ती मला या एकाच पडद्यापुढे बसून सांगत होती. किती दिवस सांगत होती?

हे आले, टेप गळ्यात. माझ्या मांडीवरची वही बघितली आणि सपाता काढून शांतपणे समोर बसले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"थंडीपासून?"

"फोटो आला त्या दिवसापासून."

चार महिने. चार महिने या माणसानं माझ्यासमोर बसून जेवण केलं, विमानाच्या खुर्चीची सवय केली, इस्त्रीवाल्याशी उन्हाच्या गप्पा मारल्या आणि मला ताकास तूर लागू दिली नाही. माझा असा संताप झाला की मी त्यांना वाटेल ते बोलले. दगड आहात म्हटलं. लेक तिकडे एका खोलीत एकटी पडली आणि तुम्ही चुण्या घालत बसलात म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिनं का नाही सांगितलं आपल्याला?" मी विचारलं. "एवढे परके झालो आपण?"

"सांगितलं की," हे म्हणाले.

"कधी?"

"अगं, तिला जुन्या घरातलं माप देता आलं असतं. माझ्या वहीत आहेच ते, तिलाही पाठ आहे. तेच पाठवलं असतं तर आपल्याला कधी कळलं नसतं. पण मग कापड वाया गेलं असतं." त्यांनी वही माझ्या मांडीवरून उचलून घेतली. "बाकी काही बोलली असेल ती. माप खोटं दिलं नाही पोरीनं."

आम्ही दोघं तिथं बसून रडलो, दुकान उघडं टाकून. एक बाई उशांचे अभ्रे घेऊन आली आणि दारातूनच परत गेली.

रविवार येईपर्यंत ह्यांनी मला हजारदा बजावलं, आपणहून काढायचं नाही, ती बोलेल तेव्हा बोलेल. माझ्या पोटात काही राहत नाही हे त्यांना लग्नापासून माहीत आहे. मी तोंडाला कुलूप लावलं. रविवारी दुपारी फोन आला. चिमी पडद्यापुढे बसलेली, केस विंचरलेले, हसू चिकटवलेलं.

"आई, पत्राचं जरा राहतंय गं," ती म्हणाली. "इथं पाहुण्यांच्या खोलीचं काम निघालंय. यंदा नको, पुढच्या उन्हाळ्यात बघू का?"

हे माझ्याकडे बघत होते. मी तोंड मिटून ठेवायचा प्रयत्न केला, खरंच केला.

"पडदे झालेत," मी म्हटलं. "बत्तीस बाय चव्वेचाळीस."

ती हसत होती ती तशीच थांबली. पाठीमागचा पडदा हलला, बहुतेक वारा असेल.

"बाबांना कळलं?" अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं.

"बाबांनीच शिवलेत ना. अस्तर लावून. खाली एक हात कापड आत दुमडून ठेवलंय, मोठी खिडकी मिळाली की उसवायचं."

मग ती रडली. कशी रडली ते मी लिहीत नाही. दीड वर्षापूर्वीच तो निघून गेला होता. तुमचं दोघांचं तोंड बघून सांगायला धीरच झाला नाही म्हणाली, आणि आता खोली इतकी लहान आहे की तुम्हाला झोपवायचं कुठं.

"जमिनीवर," हे पहिल्यांदाच बोलले. "वहीत सगळं मोजलंय मी. पलंग आणि दार यांच्यामधे तिघं मावतात."

फोटोवरून तेही काढून ठेवलं होतं या माणसानं. मला ठाऊकच नव्हतं. चिमी रडता रडता हसायला लागली आणि मला उगाचच राग आला, ह्यांचा, तिचा, त्या निघून गेलेल्याचा, सगळ्यांचाच. काहीतरी विचारायला हवं म्हणून मी विचारलं,

"पाणी तरी दिसतं का गं तिथून?"

तिनं नाक पुसलं. "डोकं बाहेर काढलं तर दिसतं. डावीकडे, थोडंसं."

"मग काढू आम्ही डोकं बाहेर," मी म्हटलं. "तू पत्र पाठव."