टायमर अडकलेला कॅमेरा

काउंटरवर ठेवलेला कॅमेरा आपोआप घरघरायला लागला. कोणी हात लावला नव्हता. समोरचा तरुण दोन पावलं मागे सरकला. खट् असा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

"रोज दुपारले असाच वाजस, काका," तो म्हणाला. "आप्पा गयात तवपासून. आते येले तापीमा सोडी येस."

तो धानोऱ्याचा. वडील वारल्याला सव्वा महिना झाला होता. कॅमेरा त्यांचा, आईच्या खोलीत फळीवर असायचा. आई घाबरते, असं त्याचं म्हणणं. विकला गेला तर बघा, नाहीतर नदी आहेच.

नंदुरबारात मी कॅमेरे दुरुस्त करत म्हातारा झालो. जुना कॅमेरा ठेवावा का, असं हल्ली पुष्कळ जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. आत सर्किट असेल तर शोकेसमध्ये ठेवा. नुसत्या स्प्रिंगा नि चाकं असतील तर तो तुमच्या नातवालाही फोटो काढून देईल. हा स्प्रिंगवाला होता. असा दागिना नदीत टाकायचा म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं.

मी त्याला समजावलं. सेल्फ टायमर म्हणजे आतलं छोटं घड्याळ. खटका ओढायचा, दहा सेकंद घरघर, मग फोटो. ग्रीस वाळलं की ते मध्येच अडकतं आणि उन्हाने किंवा धक्क्याने कधीतरी पुन्हा सुटतं. भूत नाही, ग्रीस आहे. त्याच्या जिवात जीव आला.

मग माझाच गेला. कारण टायमर एकदा सुटला की संपला. पुन्हा वाजायला कोणाला तरी रोल पुढे सरकवून खटका ओढावा लागतो. त्याला विचारलं, तर म्हणाला, घरात कोणीच हात लावत नाही.

आत रोल होता, संपत आलेला. ब्लॅक अँड व्हाइट मी अजून दुकानामागच्या मोरीत धुतो. ओली फिल्म उजेडासमोर धरली. शेवटचा फोटो माझ्याच दुकानाचा, बाकी प्रत्येकात तीच खोली, तोच पलंग, नि पलंगाच्या एका कडेला त्याची आई बसलेली. शेजारी एका माणसाची जागा मोकळी. खोलीतल्या शेवटच्या दोन फोटोंत ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. त्या मोकळ्या जागेकडे बघून हसत होती.

मुलाला म्हटलं, आईला घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षातून आली. घाबरलेली वगैरे मुळीच नव्हती.

"खटका मीच ओढस," तिने सरळ सांगितलं. "त्या टायमर लायेत नि पयत ईसन मन्हाजोडे बसेत. मी जागा ठेवस."

आप्पा टायमर लावून पळत येऊन तिच्याशेजारी बसायचे, ती जागा ती अजून राखत होती. मला वाईट वाटलं. काहीतरी करावं म्हणून बोललो, मावशी, टायमर साफ करून देतो, मध्ये अडकणार नाही, बरोबर दहा सेकंदांत फोटो निघेल.

तिने कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला.

"नको भाऊ. दहा सेकंदमा त्या कसा पोचतीन? आते लांबथीन येनं पडस."

मी साफ केला नाही. नवा रोल भरून दिला. कॅमेरा तापीत गेला नाही, फळीवरच आहे.

बिघाड दिसला की स्क्रूड्रायव्हर उचलू नये, आधी मालकाला विचारावं, एवढं त्यातून शिकलो. तिचे रोल अजून येतात. धुतो, वाळवतो, गुंडाळून देतो. उजेडासमोर धरत नाही.