मयतांना वगळणारा प्रोग्राम

मंगळवारी आईच्या नावाचं पत्र आलं. डोळ्यांच्या दवाखान्याचं. 'आपली तपासणी दर तीन महिन्यांनी होणे आवश्यक आहे, तरी कृपया उपस्थित राहावे.' आई जाऊन चौदा महिने झालेत. खाली सही बाबांची.

बाबा त्या दवाखान्यात नोंदी सांभाळतात. जुन्या पेशंटना दर तीन महिन्यांनी पत्रं पाठवायची, हे त्यांचं काम. आधी वहीत मयतांच्या नावावर लाल रेघ मारायचे. मग कॉम्प्युटर आला, तर साठीला टेकलेला हा माणूस एक जाडजूड पुस्तक आणून प्रोग्रामिंग शिकला. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. नुसता हट्ट.

आता मात्र नोकरीवर बेतलं होतं. या खेपेला मयतांच्या घरी पत्रं गेल्याच्या दोन तक्रारी आल्या होत्या. एक बाई तर नवऱ्याचं पत्र घेऊन थेट काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या, "यांना घेऊन यायला मला जमणार नाही." मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना शुक्रवारपर्यंत मुदत दिली. नाहीतर काम बाहेरच्या कंपनीकडे आणि बाबा घरी. बाबा दिवसभर घरी म्हणजे माझ्या डोक्याला ताप, हे मी आधीच कबूल करते.

"सगळ्या मयतांच्या तारखा भरल्यात मी," बाबा म्हणाले. "मशीन चुकतंय."

"मशीनवर ढकलू नका. दाखवा इकडे."

प्रोग्राम लिहिण्यावरच माझं पोट आहे. त्यांचा बघून मी कपाळावर हात मारला. एका ओळीचं काम, बावीस ओळी. यादीतलं पहिलं नाव घ्यायचं, मयत असेल तर यादीतून काढायचं, मग दुसरं, मग तिसरं, असं आकडा मोजत शेवटपर्यंत.

"बाबा, बाकावर पेशंट बसलेत. तुम्ही तिसऱ्याला उठवलंत, तर चौथा काय करेल?"

"सरकेल. पुढची जागा कोण सोडतंय?"

"म्हणजे तो आता तिसरा झाला. आणि तुम्ही निघालात चौथ्याकडे."

बाबांनी बोटांवर मोजून बघितलं. "राहिला की तो," ते म्हणाले.

लागोपाठचे दोघं मयत असले की दुसरा सुटायचा. आईच्या आधीच्या नंबरवर एक निवृत्त ड्रायव्हर होते. ते गेल्या महिन्यात वारले. बाबांनी इमानेइतबारे त्यांची तारीख भरली, आणि वर्षभर व्यवस्थित वगळली गेलेली आई या वेळी यादीत राहिली.

मी सांगितलं की असल्या कामाला प्रोग्रामिंगच्या भाषेतच फिल्टर तयार मिळतो. आपण फक्त अट सांगायची, एकेकाकडे तो स्वतः जातो.

"रेडीमेड," बाबा तोंड वाकडं करून म्हणाले. शर्टसुद्धा शिवून घेणारा माणूस. "आणि वगळलेले कुठे जातात?"

"कुठेच नाही. फिल्टर नवी यादी करून देतो. जुनीला हातही लावत नाही."

हे त्यांना पटलं. बावीस ओळी त्यांनी स्वतः पुसल्या, मला पुसू दिल्या नाहीत. फिल्टर लिहिला आणि चालवला. वगळलेले सत्तेचाळीस. वहीतल्या लाल रेघा बाबांनी अजून सोडल्या नव्हत्या; त्या हाताने मोजल्या, त्याही सत्तेचाळीस. नोकरी वाचली. सुटले एकदाची, म्हणून मी उठायला लागले.

"थांब," बाबा म्हणाले. "पत्रं पाकिटात मीच घालतो. एकेक, नाव वाचून."

"मग?"

"तिचं दिसलं होतं मला."

मला आधी रागच आला. इथे गळ्याशी आलं होतं, आणि यांचं भलतंच. "मग बाजूला का नाही काढलंत?"

"चौदा महिन्यांत तिच्या नावाचं घरी काहीच आलं नव्हतं. म्हटलं, जाऊ दे."

बाबांना ओरडायचं मनात होतं, ते राहूनच गेलं. मी परत खाली बसले.

बाबांनी स्क्रीनवरचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

"आता नाही ना येणार पत्र?"

"नाही, बाबा."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी प्रोग्राम सेव्ह केला.