सुई शेजारून गेली

“बायोप्सीची सुई शेजारून गेली,” असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आमचा नवस फेडून झाला होता. जोतिबाला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला होता, मंगळवार पेठेतल्या सगळ्या भावकीला जेवायला घातलं होतं. कारण याच डॉक्टरांनी आधी माझा हात दाबून सांगितलं होतं, कॅन्सर नाही, निवांत राहा.

सुरुवात लघवीच्या त्रासानं झाली. रक्ताच्या तपासणीत पीएसए वाढलेला निघाला. पीएसए म्हणजे प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीतून रक्तात उतरणारा पदार्थ. मग एमआरआय, म्हणजे चुंबकाच्या जोरावर काढलेले आतले फोटो. मग बायोप्सी, म्हणजे सुईनं मांसाचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. ती कुठून करतात ते विचारू नका. त्यानंतर मला स्कूटरवर बसवत नव्हतं.

फोटो बघणारे डॉक्टर वेगळे, तुकडे तपासणारे वेगळे, आणि दोघांची गाठ पडत नाही, हे मला फार उशिरा कळलं. फोटोत डाग होता, तुकडे स्वच्छ होते. आमच्या डॉक्टरांनी गोड तेवढं उचललं आणि मला सांगितलं.

पुढं एमआरआयवाल्यांकडं नवीन कॉम्प्युटर प्रोग्राम आला. कुठला तुकडा कुठून काढला ते फोटोवर बसवून तो दाखवतो, आणि संशयाची जागा स्वतः ओळखून लाल करतो. त्यात माझे जुने फोटो घातले. पडद्यावर सुईच्या हिरव्या रेघा होत्या आणि एक लाल डाग. एकही रेघ त्याला शिवत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, परत बायोप्सी करू. मी भडकलो. चूक तुमची आणि टोचून मी घ्यायचं? तुमचं मशीन कधी चुकत नाही का?

“चुकतं की,” डॉक्टर म्हणाले. “म्हणूनच त्या डागातला तुकडा पाहिजे.”

घरी थोरले बंधू, आमचे आबा, येऊन बसलेले. म्हणाले, “नवस फिटलाय. आता परत तपासायचं म्हंजे देवाला खोटं पाडायचं हाय.” मला ते लगेच पटलं. सुई टाळायला देवाइतकं सोयीचं कोण?

माझी बायको सुमन भाकरी वाढत होती. ती थांबली.

“नवस मी बोल्लेली, आबा. माणूस बरा व्हावा म्हणून. कागद बरा यावा म्हणून न्हाय.”

दुसऱ्यांदा सुई बरोबर त्या डागात गेली. कॅन्सर निघाला, पण ग्रंथीच्या बाहेर पडलेला नव्हता. ऑपरेशन करून ग्रंथी काढली.

नंतर डॉक्टरांनी परवानगी मागितली. काढलेल्या ग्रंथीच्या चकत्या करून, माझ्या एमआरआयशी जुळवून त्यांना कॉम्प्युटरला कॅन्सरचा डाग ओळखायला शिकवायचं होतं. मी खेकसलोच. आजवर त्याला कुणी शिकवलं म्हणून विचारलं.

“तुमच्या आधीच्या पेशंटांनी,” ते म्हणाले. “त्यांच्याही गाठी अशाच कापून जुळवल्या.”

मी परवानगी दिली.

तुमच्यावर ही वेळ आली तर पेढे वाटायच्या आधी एकच विचारा: फोटोतला डाग आणि काढलेला तुकडा एकाच जागचे आहेत का? डॉक्टर वैतागले तर वैतागू द्या.

त्या डॉक्टरांशी मी अजून सरळ बोलत नाही. मशीनचे आभार मानायलाही माझी जीभ वळत नाही. पण ज्याची गाठ बघून ते माझा डाग ओळखायला शिकलं, तो माणूस वाचला की नाही, ही टोचणी जात नाही.

बरा झाल्यावर आम्ही परत जोतिबाला गेलो. सुमननं दोन नारळ वाढवले. एक माझ्या नावाचा. दुसऱ्याचं नाव आम्हाला माहीत नव्हतं.

“पावण्यांचा,” ती म्हणाली.